रक्तातील अक्षरे व त्यांचे वाचन

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



स्नेहसंमेलनात दरवर्षी एक विद्याविषयक व्याख्यान ठेवण्याचा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. यंदा तो मान मजकडे आला, याबद्दल मी कार्यकारी मंडळाची ऋणी आहे. विषय मात्र किंचित अडचणीचा आहे. मी जीवशास्त्राची अध्यापिका. परंतु माझ्या प्रयोगशाळेत बेडूक नाहीत, काचेच्या बरण्या नाहीत, आणि सूक्ष्मदर्शकावरील धूळही फारशी हलत नाही. माझे विद्यार्थी संगणकासमोर बसतात. त्यामुळे आप्तांमध्ये माझ्याविषयी दोन पक्ष आहेत. एकाच्या मते मी संगणक शिकवून जीवशास्त्राचा पगार घेते, आणि दुसऱ्याच्या मते याच्या उलट. या विद्येस बायोइन्फर्मेटिक्स, मराठीत जैवमाहितीशास्त्र, असे म्हणतात. तिच्या ज्या शाखेत मी काम करते, तिच्यात रोगप्रतिकारक पेशींमधील जनुकांची अक्षरे वाचून त्यांचा अर्थ लावावयाचा असतो. हे काम कसे चालते ते आज सांगावे, आणि त्यातून आपल्या घरांपुढे जो प्रश्न उभा राहतो तो निःसंकोचपणे मांडावा, असा माझा हेतू आहे.

प्रथम मूळ कोडे. मनुष्याच्या पेशीत प्रथिने घडविणारी जनुके सुमारे वीस हजार. उलटपक्षी शरीरावर चालून येणाऱ्या जंतूंना अंत नाही. गोवराचा विषाणू, विषमज्वराचा जंतू, इतकेच नव्हे तर उद्या उत्पन्न होणारा आणि आज अस्तित्वातही नसलेला एखादा विषाणू, यांपैकी प्रत्येकाला नेमके ओळखणारी प्रतिपिंडे, म्हणजेच अँटिबॉडी, शरीर घडवू शकते. एवढ्याशा भांडवलावर हा अगणित माल कसा निघतो? या प्रश्नाने अनेक वर्षे शास्त्रज्ञांना छळले. १९७६ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सुसुमु तोनेगावा व नोबुमिची होझुमी या जपानी संशोधकांनी उंदराच्या गर्भातील डीएनए आणि प्रतिपिंडे तयार करणाऱ्या अर्बुदपेशीतील डीएनए ताडून पाहिले. गर्भात जे तुकडे एकमेकांपासून दूर होते, ते अर्बुदपेशीत एकमेकांना जोडलेले आढळले. याचा अर्थ असा, की प्रतिपिंडाचे जनुक आईबापांकडून तयार मिळतच नाही. मिळतात ते सुटे तुकडे, आणि ते जुळविण्याचे काम प्रत्येक पेशी आपापल्या परीने करते. तोनेगावांना १९८७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि तेही कोणाशी विभागून नव्हे, तर एकट्यांना.

येथे बसलेल्या ज्येष्ठ मंडळींना खिळ्यांचे छापखाने आठवत असतील. घरोघर तेच खिळे. परंतु जुळारी ज्या क्रमाने ते उचलील, तसा मजकूर. शरीरातही असेच घडते. प्रतिपिंडाच्या जड साखळीसाठी व्ही नावाचे सुमारे ४० उपयुक्त तुकडे, डी नावाचे वीस-पंचवीस आणि जे नावाचे ६ असतात. प्रत्येक गटातून एकेक उचलला तर सुमारे सहा हजार जुळण्या होतात. हलक्या साखळीच्या तीनेकशे जुळण्यांनी त्यास गुणले, तर संख्या अठरा लाखांच्या घरात जाते. तथापि खरी करामत सांध्यात आहे. दोन तुकडे जोडताना पेशी काही अक्षरे खाते आणि काही अक्षरे कोणत्याही मूळ प्रतीवाचून पदरची घालते. छापखान्यात असा जुळारी एक दिवसही टिकला नसता. शरीराने मात्र त्याला सर्वांत मोठ्या जबाबदारीवर नेमले आहे. त्याच्या या स्वैरपणामुळे अठरा लाखांचे अब्जावधी होतात. जुळ्या भावंडांची जनुके एक असली, तरी त्यांच्या रक्तातील जुळणी एक नसते.

या स्वैरपणाची किंमतही द्यावी लागते. जनुकाची भाषा तीन-तीन अक्षरांनी वाचली जाते. माझ्या विद्यार्थ्यांना मी फळ्यावर ‘कमळनयनगगन’ असे सलग लिहून देते. तीन-तीन अक्षरे तोडली, तर कमळ, नयन, गगन असे स्वच्छ शब्द मिळतात. आरंभीचा एक ‘क’ पुसला, तर ‘मळन, यनग, गन’ असा निरर्थक घोटाळा उरतो. सांध्यात अक्षरांची भर-घट यदृच्छेने होत असल्यामुळे सरासरीने तीन जोडण्यांपैकी एकच पुढचे वाचन शाबूत ठेवते. फसलेली जोडणी घेऊन पेशी गुणसूत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पुन्हा प्रयत्न करते, आणि तोही फसला तर मरते. कोणताही संगणक चालू करण्यापूर्वी एवढे विद्यार्थ्याच्या मनात ठसले पाहिजे, असा माझा आग्रह असतो.

मग संगणकाचा संबंध कोठे आला? तो तोनेगावांच्याही आधी आला. १९६५ मध्ये अमेरिकेत मार्गारेट डेहॉफ या विदुषीने, त्या काळी ज्ञात असलेल्या ६५ प्रथिनांची अक्षरे एका पुस्तकात संगृहीत केली. प्रथिनांची अक्षरे एकाखाली एक लिहून तुलना करणे ही अभ्यासाची स्वतंत्र रीत होऊ शकते, हे तेथून रूढ झाले. १९७० मध्ये वू आणि कॅबट या दोघांनी प्रतिपिंडांच्या हलक्या साखळ्या अशाच एकाखाली एक मांडल्या आणि प्रत्येक स्थानासाठी एक साधा भागाकार केला. त्या स्थानी किती प्रकारची अमिनो आम्ले आढळतात ती संख्या वर, आणि त्यांतील सर्वांत नेहमीच्या आम्लाचे प्रमाण खाली. सर्वत्र एकच आम्ल असेल तर उत्तर १. वीसही आम्ले सारख्या प्रमाणात असतील तर ४००. आलेख काढला तेव्हा तीन ठिकाणी शिखरे उठली, आणि ह्याच तीन जागांनी प्रतिपिंड शत्रूला धरीत असावे, असे अनुमान त्यांनी केले. पुढे स्फटिकांच्या क्ष-किरण अभ्यासाने ते खरे ठरले. प्रथिन डोळ्यांनी न पाहता केवळ अक्षरे मोजून त्याच्या हाताची बोटे कोठे आहेत ते सांगावयाचे, यापेक्षा सुंदर उदाहरण मला ठाऊक नाही. वर्षारंभी मी हा धडा चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने करून घेते. पालकांना तो मागासलेला वाटतो. ज्याने एकदा हाताने मोजले आहे, त्याला यंत्राने दिलेल्या आकड्याचा दरारा वाटत नाही, असा माझा अनुभव आहे.

या विद्येत महाराष्ट्राचाही वाटा आहे, आणि आपल्या मुलांना तो सांगितला जात नाही म्हणून येथे मुद्दाम सांगते. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने पुणे विद्यापीठात, म्हणजे आताच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात, १९८७ साली बायोइन्फर्मेटिक्सचे केंद्र सुरू झाले. तेथील प्रा. अशोक कोळस्कर व त्यांचे सहकारी टोणगावकर यांनी १९९० मध्ये, प्रथिनाचा कोणता भाग प्रतिपिंडाच्या नजरेत भरेल याचे अनुमान करण्याची एक रीत प्रसिद्ध केली. ती इतकी सुटसुटीत होती, की जगभर वापरली गेली व अद्यापही अनेक संगणकप्रणालींत त्या दोन मराठी नावांनीच ओळखली जाते. लेखकांनी आपल्या रीतीची अचूकता सुमारे ७५ टक्के सांगितली होती. २००५ मध्ये ब्रिटनमधील दोन संशोधकांनी त्या जातीच्या ४८४ मोजपट्ट्या कसोटीस लावल्या आणि त्यांतील उत्तमातल्या उत्तमही नाणेफेकीपेक्षा थोड्याच बऱ्या, असा निष्कर्ष काढला. हे मी वर्गात लपवीत नाही. प्रतिपिंड प्रथिनाची सरळ ओळ वाचीत नाही, तर त्याची घडी चाचपते, आणि ओळीत दूर असलेली अक्षरे घडीत शेजारी येतात. पुण्याच्या मंडळींनीही ते ओळखले होते. १९९९ मध्ये कोळस्कर व उर्मिला कुलकर्णी-काळे यांनी जपानी मेंदूज्वराच्या विषाणूच्या आवरण-प्रथिनाची त्रिमिती आकृती संगणकावर अनुमानून तिच्यावरील अशा जागा दाखविल्या, आणि २००५ मध्ये त्या पद्धतीची प्रणाली सर्वांस खुली केली. पूर्वसूरींचा अभिमान बाळगून त्यांच्या मोजपट्टीची मर्यादाही जाणावी, यात मला विसंगती दिसत नाही.

आता प्रत्यक्ष वाचनाकडे वळते. रक्तातील लक्षावधी पेशींची जुळणी एकाच वेळी वाचणे हे यंत्रांच्या प्रगतीमुळे या शतकातच साध्य झाले. २००९ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी प्रथमच एका प्राण्याचा सबंध प्रतिपिंडसंग्रह वाचला. तो प्राणी होता झेब्राफिश हा बोटाएवढा पट्टेरी मासा, मूळचा आपल्याच उपखंडातील ओढ्यानाल्यांचा. त्यांनी १४ मासे घेतले. मासा निवडला तो एवढ्यासाठी, की तो लहान असल्यामुळे त्याच्या साऱ्या पेशी हाती येतात. मनुष्याच्या बाबतीत ही सोय नाही. पाच मिलिलिटर रक्तात प्रतिपिंडे बनविणाऱ्या जातीच्या पेशी काही लाखच मिळणार. समुद्रातून ओंजळ भरावी तसे ते आहे. २०१९ मध्ये दहा माणसांच्या रक्तावर मोठा खर्च करून सुमारे तीनशे कोटी अनुक्रम वाचण्यात आले, तेव्हा कोणत्याही दोन माणसांत समान जुळणीचे प्रमाण सरासरी एका टक्क्याच्याही आत निघाले.

यंत्र वाचते, परंतु चुकतही वाचते, शिवाय एकाच रेणूच्या अनेक प्रती काढून त्या वेगवेगळ्या म्हणून मोजते. पंगतीत एकच पाहुणा दोनदा बसला तर यजमान फसतो, तसे. यावर उपाय म्हणून प्रती काढण्यापूर्वीच प्रत्येक रेणूला एक यदृच्छ अक्षरांची चिठ्ठी जोडतात आणि शेवटी एका चिठ्ठीच्या साऱ्या प्रती एकच धरतात. हे तंत्र विद्यार्थी लवकर शिकतात. अवघड असते ते निराळेच. प्रतिपिंड अधिक धारदार करण्यासाठी पेशी स्वतःच त्याची काही अक्षरे बदलते. म्हणजे मूळ जनुकाहून निराळे अक्षर दिसले, तर ती यंत्राची चूक आहे, की पेशीने केलेली सुधारणा, की त्या माणसाच्या घराण्यात ते अक्षर पूर्वापार तसेच आहे? हे ठरविण्यास मूळ जनुकांची एक प्रमाण यादी लागते. अशी यादी राखण्याचे काम फ्रान्समधील माँपेलिए येथे मारी-पॉल लफ्राँ यांनी १९८९ साली आरंभिले, आणि जगातील बहुतेक प्रयोगशाळा तिचा आधार घेतात.

माझ्या कामाचा मर्मबिंदू येथे आहे. ही यादी ज्यांच्या रक्तावरून भरली गेली, त्यांत युरोपीय वंशाच्या लोकांचे प्राबल्य आहे. २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील २८ स्त्रियांची ही जनुके वाचली गेली, तेव्हा यादीत नसलेले शंभराहून अधिक पाठभेद सापडले. म्हणजे तोवर त्यांच्या आजीपणजीपासून चालत आलेले अक्षर संगणक ‘बदल’ म्हणून मोजीत होता. भारतातील शेकडो समूहांचे याहून निराळे काय असणार? यादीत आपण नसलो, तर आपले रक्त वाचले जाते, पण चुकीचे वाचले जाते. आणि संगणक उत्तर देताना चाचरत नाही. मी परीक्षेत मानवी अनुक्रमांच्या ढिगात उंदराचा एक अनुक्रम हळूच मिसळून ठेवते. प्रणाली त्यालाही सर्वांत जवळचे मानवी नाव देऊन मोकळी होते. केवळ संगणकात तरबेज असलेले विद्यार्थी ते नाव उतरवून घेतात. ज्यांनी जीवशास्त्र मनापासून वाचले आहे ते मात्र थबकतात, आणि त्यांत मुली अधिक असतात, असे माझे निरीक्षण आहे.

या विद्येचा रुग्णाला उपयोग काय, असे कोणी विचारील. लिम्फोब्लास्टिक जातीच्या रक्तकर्करोगात साऱ्या रोगट पेशी एकाच पेशीची संतती असतात. त्यामुळे त्या स्वैर जुळाऱ्याने घातलेला एकच विशिष्ट सांधा बहुधा त्या सर्वांत सापडतो. उपचारापूर्वी तो वाचून ठेवला, की उपचारानंतर दहा लाख पेशींत एक रोगट पेशी उरली असली तरी तिचा माग काढता येतो. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१८ मध्ये अशा तपासणीस मान्यता दिली. मूल बरे झाले असे वाटत असता रोग परततो आहे काय, हे सूक्ष्मदर्शकाच्या कितीतरी आधी कळणे, याचे मोल येथील मातापित्यांना मी सांगावयास नको.

परंतु रोग परतलाच, तर अनेकदा दुसऱ्याच्या अस्थिमज्जेतील मूळपेशींचा आधार घ्यावा लागतो, आणि येथे आपल्या घरांचा प्रश्न येतो. दात्याची व रुग्णाची एचएलए नावाची जनुके जुळावी लागतात. या जनुकांचे जगभर नोंदलेले पाठभेद सुमारे चाळीस हजार आहेत. मूल या जनुकांचा एक संच आईकडून व एक वडिलांकडून घेते. म्हणून सख्खे भावंड पूर्ण जुळण्याचा संभव चारात एक. आता हिशेब करा. पाच भावंडे असलेल्या रुग्णास निदान एक जुळणारे मिळण्याचा संभव सुमारे ७६ टक्के. दोन असलेल्यास ४४. एकच असलेल्यास २५. एकुलत्या एका मुलास शून्य. आपल्या आजोबांच्या घरी आठ-आठ भावंडे होती आणि हे उपचार नव्हते. आज उपचार आहेत आणि भावंडे नाहीत. तेव्हा परका दाता शोधावा लागतो, आणि तो बहुधा आपल्यासारख्याच पूर्वजपरंपरेच्या लोकांत सापडतो. चेन्नई येथे २००९ साली स्थापन झालेली ‘दात्री’ ही संस्था अशा इच्छुक दात्यांची नोंद ठेवते. आपल्या ज्ञातीतील तरुणांनी तेथे नावे नोंदविली नाहीत, तर आपल्यातील एखाद्या रुग्ण मुलासाठी शोध घेणाऱ्यास काय सापडणार?

येथवर ज्ञातीचा उपयोग सांगितला. आता दुसरी बाजू सांगितली नाही, तर तो अर्धवट हिशेब होईल. ज्या कारणाने आपल्यात परस्परांशी जुळणारे रक्त सापडते, त्याच कारणाने आपल्यात दडलेले दोषही परस्परांना भेटतात. हैदराबाद व अमेरिका येथील संशोधकांनी २०१७ मध्ये दक्षिण आशियातील २६० हून अधिक समूहांची जनुके तपासली. त्यांत ८१ समूह असे निघाले, की ज्यांचे मूळ पूर्वज फिनलंडच्या लोकांपेक्षा वा युरोपातील ज्यू लोकांपेक्षाही मोजके होते, आणि त्यांतील १४ समूहांची लोकसंख्या आज प्रत्येकी दहा लाखांहून अधिक आहे. म्हणजे समूह मोठा दिसला, तरी त्याची मुळे थोडकी असू शकतात. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी जो दुर्मीळ ‘बॉम्बे’ रक्तगट शोधला, तोही आईबाप दोघांकडून तेच दडलेले जनुक आल्यासच प्रकट होतो. असा रक्तगट असलेल्यास अन्य कोणाचे रक्त चालत नाही.

आपल्या वधूवरसूचक समितीच्या सेवेविषयी मला आदर आहे. परंतु तिच्या पत्रकात रक्तगटाचा रकाना असतो आणि दोघांचा रक्तगट एकच निघाला म्हणून चांगली स्थळे परत जातात, हे मी पाहिले आहे. त्यास शास्त्राचा काडीचाही आधार नाही. त्याऐवजी दोघांनी थॅलसेमियाच्या वाहकतेची साधी रक्ततपासणी करून घ्यावी. तिला आधार आहे. आणि एखाद्या मुलाने वा मुलीने ज्ञातीबाहेरचे स्थळ पसंत केले, तर इतर विचार घरच्यांनी आपापल्या परीने करावेत. पण ‘रक्त बिघडेल’ हे कारण माझ्यासमोर कोणी सांगू नये. ज्ञातीचे असे एक रक्त प्रयोगशाळेत मला अद्याप दिसलेले नाही. दिसते ते प्रत्येकाचे निराळे रक्त, आणि त्या निराळेपणावरच शरीर तगते. हे ज्ञातीच्या व्यासपीठावरून बोलणे काहींना रुचणार नाही, याची मला जाणीव आहे. तथापि ज्यांच्या वर्गणीतून माझ्या पिढीची शिक्षणे झाली, त्यांच्यापुढे गोड तेवढेच बोलणे मला अप्रामाणिक वाटले.

संशोधनासाठी रक्त देण्याविषयी एक सावधगिरीची सूचना. जनुकांची माहिती एकदा हातची गेली की परत येत नाही, आणि ती एकट्याची नसून सबंध घराण्याची असते. म्हणून नमुना कोण घेतो, नाव वगळले जाते काय, माहिती कोठे ठेवली जाते आणि संमती मागे घेता येते काय, हे लेखी विचारल्यावाचून कोणीही सही करू नये. चांगला संशोधक या प्रश्नांनी रागावत नाही.

आता मंडळाकडे एक मागणी. आपल्या विद्यार्थी साहाय्यक निधीच्या नियमांत वैद्यक व अभियांत्रिकी या दोनच शाखांचा नामनिर्देश आहे. जीवशास्त्र, गणित वा संख्याशास्त्र घेऊन पुढे जाणाऱ्या मुलामुलींना त्यांत जागा नाही. माझ्या क्षेत्रात आज जी माणसे हवी आहेत ती नेमकी या दोन वाटांच्या मधली आहेत, आणि त्यांना दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणाचा खर्च झेपत नाही म्हणून ती दुसरीकडे वळतात. ‘व मूलभूत विज्ञान’ एवढेच शब्द नियमात घालावेत, अशी सूचना मी येत्या सर्वसाधारण सभेकडे लेखी पाठविली आहे. तिला अनुमोदक हवा आहे.

दाते म्हणून नाव नोंदविण्याविषयीची माहितीपत्रके कार्यवाहांच्या मेजावर ठेवली आहेत. वयाची अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांनी ती घरी नेऊन शांतपणे वाचावीत. आरंभी लागतो तो गालाच्या आतून कापसाच्या काडीने घेतलेला नमुना, सुई नव्हे. पुढे प्रत्यक्ष दानाची वेळ आलीच, तर ते बहुतेक वेळा हाताच्या शिरेतील रक्तातूनच होते. पाठीच्या कण्याला कोणी हात लावीत नाही. ही शंका मला दरवर्षी विचारली जाते म्हणून आधीच सांगितली. उरलेल्या शंकांसाठी अध्यक्षमहोदयांनी पंधरा मिनिटे राखून ठेवली आहेत.